भोवरकडी आणि केबल : पिळाच्या प्रश्नाचा इतिहास

१. विषयप्रवेश

खुंट्याला बांधलेले जनावर खुंट्याभोवती फिरू लागले की दाव्याला पीळ बसतो. पीळ वाढला की दावे आखूड होते, आणि अखेर ते जनावराच्या गळ्याला काचते तरी किंवा तुटते तरी. या अडचणीवर आपल्याकडील लोहाराने योजिलेला जुना उपाय म्हणजे भोवरकडी होय. दोन कड्या एका खिळ्याभोवती अशा बसवावयाच्या की, त्यांनी एकमेकींचा ओढ सोसावा, पण एकमेकींचा फेरा मात्र सोसू नये. तारकामातील कारागीर हिलाच ‘स्विव्हल’ म्हणतात. प्रकाशतंतूंची केबल नळातून ओढून नेताना दोर आणि केबल यांच्यामध्ये आजही हीच कडी असते. तंतूंतून जाणारा प्रकाश फिरत्या ड्रममधून स्थिर यंत्राकडे आणावयाचा असेल, तर तेथे तिचेच अधिक सूक्ष्म रूप, म्हणजे ‘फिरता सांधा’, योजावे लागते.

केबलच्या इतिहासग्रंथांत या उपकरणाला सहसा स्थान मिळत नाही. तारायंत्राचा इतिहास विद्युत्‌शास्त्राच्या अंगाने लिहिला जातो; प्रकाशतंतूंचा इतिहास काचेच्या शुद्धतेच्या अंगाने लिहिला जातो. दोन्ही दृष्टी योग्यच आहेत. तथापि, केबल ही संदेशवाहक वस्तू असण्यापूर्वी एक लांब, जड आणि पीळदार वस्तू असते, आणि ती जागेवर पोहोचविताना तिच्या पिळाचे काय करावयाचे, हा प्रश्न प्रत्येक पिढीतील अभियंत्यांपुढे उभा राहिला आहे. या प्रश्नाच्या उत्तरांचा क्रम १८५० पासून प्रकाशतंतूंच्या युगापर्यंत लावून पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. भोवरकडी पीळ नाहीसा करीत नाही. तो कोणाच्या वाट्याला जावा एवढेच ती ठरविते. हा भेद ज्या ज्या वेळी दुर्लक्षिला गेला, त्या त्या वेळी त्याची किंमत मोजावी लागली, असे या इतिहासावरून दिसून येते.

२. पिळाचे दोन उगम

केबलमध्ये पीळ दोन वाटांनी येतो. पहिला पीळ हाताळणीचा. विहिरीचा दोर जमिनीवर वेटोळी करून ठेवणाऱ्या कोणासही हे ठाऊक असते की, प्रत्येक वेटोळ्यागणिक दोर स्वतःच्या अक्षाभोवती एक फेरा घेतो. दोर वरून उचलून पुन्हा सरळ केला की तो फेरा परत मिळतो. परंतु मध्येच एखादे वेटोळे अडकले, तर न सुटलेला पीळ एका ठिकाणी गोळा होऊन दोराला मुरड पडते. केबल-जहाजाच्या टाकीत हेच मोठ्या प्रमाणावर घडते. वेटोळ्याचा सरासरी व्यास ४० फूट धरला, तर त्याचा परीघ सुमारे १२६ फूट होतो. सागरी मैल ६,०८० फुटांचा असल्याने एका सागरी मैलात ४८ वेटोळी, म्हणजे पिळाचे ४८ फेरे, साठविले जातात. केबल वर ओढली जाताना हे फेरे एकेक करून परत मिळाले पाहिजेत. टाकीच्या मध्यभागी शंकूच्या आकाराचा खांब उभारण्याची जी पद्धत रूढ झाली, ती याच कारणाने. वेटोळी आतल्या बाजूस कोसळून मुरड पडू नये, हे त्या शंकूचे कार्य होते.

जमिनीवर केबल टाकणारे कारागीर या पहिल्या पिळावर निराळी तोड योजितात. ते केबल गोल वेटोळ्यांत न रचता इंग्रजी आठाच्या आकारात रचतात. आठाच्या एका अर्ध्या भागात बसलेला पीळ दुसऱ्या अर्ध्या भागात उलट दिशेने बसतो, आणि प्रत्येक आठ पूर्ण होताच हिशेब शून्यावर येतो. कोणत्याही यंत्रावाचून, केवळ मांडणीने, पिळाचा तोल साधण्याचे हे सर्वांत सोपे उदाहरण होय.

दुसरा पीळ केबलच्या रचनेतच असतो. १८५० मध्ये इंग्लिश खाडीत टाकलेली पहिली तार केवळ गटापर्चाच्या वेष्टनात होती व ती लवकरच निकामी झाली. १८५१ मध्ये तिच्या जागी जी केबल टाकण्यात आली, तिच्याभोवती १० लोखंडी तारांचे कवच मळसूत्राप्रमाणे गुंडाळलेले होते. ती यशस्वी ठरली, आणि तेव्हापासून शंभर वर्षे समुद्री केबल म्हणजे पीळदार लोखंडी कवचाची केबल, हे समीकरण दृढ झाले. परंतु मळसूत्री कवचाला ताण दिला की ते उलगडू पाहते. कवच सर्व ताण सोसते असे मानल्यास, उलगडण्याची ही प्रेरणा, म्हणजे तिचे आघूर्ण, ताण, कवचाची त्रिज्या आणि पिळाच्या कोनाची स्पर्शज्या यांच्या गुणाकाराइतके असते. जितका समुद्र खोल, तितका लोंबणाऱ्या केबलचा भार अधिक. जितका भार अधिक, तितके आघूर्ण अधिक.

या दोन पिळांतील फरक महत्त्वाचा आहे. हाताळणीचा पीळ बाहेरून आलेला असल्यामुळे तो सुटू देणे हिताचे असते. रचनेचा पीळ मात्र केबलचे बळ होय. तो सुटू दिला तर कवच सैल होऊन लांबते, आणि त्याने वाहावयाचा भार आतील मऊ गाभ्यावर येतो. एकाच केबलमध्ये एक पीळ सोडावयाचा व दुसरा राखावयाचा, असे हे द्वंद्व आहे.

३. १८५७ : परस्परविरुद्ध पीळ

या द्वंद्वाचे पहिले मोठे उदाहरण अटलांटिक महासागरातील पहिल्या केबलने दिले. अटलांटिक टेलिग्राफ कंपनीने १८५७ मध्ये सुमारे २,५०० सागरी मैल केबल अवघ्या काही महिन्यांत तयार करून घेण्यासाठी काम दोन कारखान्यांत वाटून दिले. अर्धी केबल ग्रिनिच येथे ग्लास, एलियट आणि कंपनीने केली. अर्धी बर्कनहेड येथे आर. एस. न्यूऑल आणि कंपनीने केली. दोन्हींचा गाभा सारखाच होता : सात तांब्याच्या तारा, त्यांवर गटापर्चाचे तीन थर, त्यावर डांबरात भिजविलेला ताग, आणि बाहेर प्रत्येकी सात बारीक लोखंडी तारांचे १८ पेड. परंतु कवचाचा पीळ उजवा असावा की डावा, हे दोघांनाही एकसारखे सांगण्यात आले नव्हते. काम पूर्ण होत आल्यावर असे आढळले की, दोन अर्ध्या केबलींचे पीळ परस्परविरुद्ध आहेत.

ही चूक वरकरणी क्षुल्लक वाटते. तिचे गांभीर्य कळण्यासाठी मध्यसमुद्रातील सांध्याचा विचार केला पाहिजे. दोन्ही अर्ध्या केबलींचा पीळ एकाच दिशेचा असता, तर ताण पडल्यावर एक बाजू सांध्याला एका दिशेने फिरवू पाहती आणि दुसरी बाजू उलट दिशेने; दोन्ही आघूर्णे एकमेकांस तोलून धरती आणि सांधा स्थिर राहता. पीळ परस्परविरुद्ध असल्यामुळे दोन्ही बाजू सांध्याला एकाच दिशेने फिरवू लागतात, तोलाला कोणी उरत नाही, आणि सांधा फिरेल तसतशी दोन्हीकडील कवचे उलगडत जातात. वेगळ्या शब्दांत सांगावयाचे तर, कारखान्यांतील या विसंगतीने महासागराच्या मध्यावर एक भोवरकडी नकळत निर्माण केली होती, आणि तीही जेथे भोवरकडी मुळीच असू नये अशा जागी.

१८५७ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंडमधील व्हॅलेन्शियाहून निघालेल्या मोहिमेत हा सांधा करण्याची वेळच आली नाही. सुमारे ३३५ सागरी मैल केबल टाकल्यावर, ११ ऑगस्ट रोजी, रोधकयंत्राच्या अतिरेकी दाबामुळे ती तुटली. १८५८ मध्ये मात्र ‘ॲगमेम्नॉन’ आणि ‘नायगारा’ ही जहाजे मध्यसमुद्रात भेटली आणि तेथेच दोन टोके जोडून विरुद्ध दिशांनी निघाली. त्या वेळी सांधा फिरू नये म्हणून तो लाकडी चौकटीत जखडून, वजन लावून खाली सोडण्यात आला. भोवरकडीच्या नेमके उलट असे हे उपकरण होते : फेरा अडविणे हेच त्याचे काम. २९ जुलै रोजी केलेला सांधा टिकला, ५ ऑगस्ट रोजी केबल दोन्ही किनाऱ्यांस पोहोचली, आणि काही आठवड्यांतच ती विद्युत्‌दोषाने मूक झाली.

केबल मूक होण्याचे कारण विरुद्ध पीळ हे नव्हते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. सदोष विद्युत्‌रोधन आणि वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी वापरलेला उच्च विद्युत्‌दाब यांकडेच दोष जातो. परंतु या अपयशाची चर्चा विद्युत्‌शास्त्रज्ञांच्या वादाभोवती इतकी केंद्रित झाली की, यांत्रिक बाजूचा धडा मागे पडला. पिळाची दिशा हा करारपत्रात लिहिण्याजोगा, मोजमापाइतकाच आवश्यक असा तपशील आहे, हा तो धडा होय.

४. १८६५ ते १८७० : तुटलेल्या भोवरकड्या व भरलेल्या टाक्या

पुढील मोहिमेत प्रत्यक्ष भोवरकडीचीच परीक्षा झाली. १८६५ ची केबल अधिक भक्कम होती. तिच्या कवचात १० तारा असून प्रत्येक तार मनिला तागाने वेष्टिलेली होती. तिचे तुटण्याचे बळ ७ टन १५ हंड्रेडवेट इतके होते. ‘ग्रेट ईस्टर्न’ या एकाच जहाजात सर्व केबल मावल्यामुळे मध्यसमुद्रातील सांध्याची कटकट संपली होती. तरीही, सुमारे १,२०० सागरी मैल केबल टाकल्यावर, २ ऑगस्ट १८६५ रोजी ती तुटून सुमारे २,००० वाव खोल पाण्यात गेली.

ती वर काढण्यासाठी गळ सोडण्यात आला. गळाची दोरी अखंड नव्हती. अनेक तुकडे लोखंडी कड्या व भोवरकड्या यांनी एकमेकांस जोडून ती केलेली होती. पीळदार दोरी मैलमैल लांब सोडली की ती उलगडू लागते व तिच्या टोकाचा गळ गरगर फिरू लागतो. तो फेरा सुटावा, म्हणून भोवरकड्या आवश्यकच होत्या. केबल गळाला लागली, वर येऊही लागली. परंतु अर्ध्या वाटेत लोखंडी भोवरकडी तुटली आणि केबल व दोरी दोन्ही तळाशी गेली. पुन्हा प्रयत्न झाला, तोही असाच साधनांच्या दुर्बलतेने वाया गेला. पीळ सोडविणारा सांधा हाच ओढ वाहणारा सांधाही असतो, आणि साखळीचे बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकेच असते, हे त्या उन्हाळ्यात ठळकपणे सिद्ध झाले. १८६६ मध्ये अधिक बळकट सामग्री घेऊन जहाज परत आले. २७ जुलै रोजी नवी केबल न्यूफाउंडलंडमधील हार्ट्‌स कंटेंट येथे पोहोचली, आणि सप्टेंबरमध्ये जुनीही वर काढून पूर्ण करण्यात आली.

याच जहाजाचा संबंध पुढे मुंबईशी आला. ब्रिटिश-इंडियन सबमरीन टेलिग्राफ कंपनीसाठी मुंबई ते एडन ही केबल टाकण्याकरिता ‘ग्रेट ईस्टर्न’ इंग्लंडहून केप ऑफ गुड होपला वळसा घालून आले आणि १८७० च्या फेब्रुवारीत त्याने मुंबईहून काम सुरू केले. मुंबई बंदरातील या महाकाय जहाजाचे वर्णन सामान्यतः त्याच्या आकारावरून केले जाते. पिळाच्या दृष्टीने पाहिले असता निराळीच गोष्ट लक्षात येते. इंग्लंडमध्ये टाक्यांत केबल रचताना बसलेला प्रत्येक फेरा त्या जहाजाने अर्ध्या जगाचा प्रवास करून मुंबईस आणला होता, आणि अरबी समुद्रात केबल सोडताना तो एकेक करून परत दिला. हजारो फेऱ्यांची ही देवघेव निर्वेधपणे पार पडली, यात केबल रचणाऱ्या व टाकीत उभे राहून ती मोकळी करणाऱ्या कामगारांच्या हातांचा वाटा मोठा होता. त्यांच्या कौशल्याची नोंद अभियंत्यांच्या चरित्रांत अपवादानेच आढळते.

५. १९५६ ते १९६३ : पिळाविरहित केबलचा शोध

यानंतरच्या ऐंशी वर्षांत कवचाच्या रचनेत मूलभूत बदल झाला नाही. कारण तारायंत्राच्या केबलमध्ये मधोमध कोणतेही उपकरण घालावे लागत नव्हते. दूरध्वनीची केबल महासागरातून नेण्याचा प्रश्न आला, तेव्हा ही स्थिती पालटली. ध्वनीचा संकेत वाटेत क्षीण होत असल्याने ठरावीक अंतरावर पुनर्वर्धक बसविणे अपरिहार्य झाले. पुनर्वर्धक जर कठीण व अवजड नळकांड्यासारखे असतील, तर ते समुद्रात सोडताना जहाज थांबविले पाहिजे. पण जहाज खोल समुद्रात थांबले की केबलचा ताण बदलतो, उलगडलेले कवच पुन्हा आवळू पाहते, आणि तळाजवळ, जेथे ताण अत्यल्प असतो तेथे, केबलला फास पडण्याचा धोका निर्माण होतो.

१९५६ मध्ये सुरू झालेल्या टॅट-१ या पहिल्या अटलांटिक दूरध्वनी केबलच्या आराखड्यावर या भीतीची छाप स्पष्ट दिसते. स्कॉटलंडमधील ओबन ते न्यूफाउंडलंडमधील क्लॅरनव्हिल या खोल टप्प्यात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे लवचीक पुनर्वर्धक वापरण्यात आले. ते केबलबरोबरच चाकांवरून वाकून जात व जहाजास थांबावे लागत नसे. पण लवचीक नळीत दोन्ही दिशांची मंडले मावत नसल्यामुळे जाण्यासाठी एक व येण्यासाठी एक, अशा दोन केबली टाकाव्या लागल्या, आणि प्रत्येकीत ५१ पुनर्वर्धक बसविण्यात आले. ब्रिटिश पोस्ट ऑफिसचे कठीण पण दोन्ही दिशांनी काम करणारे पुनर्वर्धक केवळ न्यूफाउंडलंड ते नोव्हा स्कोशिया या उथळ टप्प्यात वापरले गेले. अटलांटिकमध्ये एकाऐवजी दोन केबली असण्याचे एक प्रमुख कारण लोखंडी कवचाचा पीळ हे होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

यावरील मार्ग त्याच दशकात ब्रिटिश पोस्ट ऑफिसमध्ये आर. ए. ब्रॉकबँक यांच्या कार्यातून निघाला. खोल समुद्रात केबलला नांगर वा जाळी यांपासून भय नसते. मग बळ बाहेरच्या कवचातच का असावे? पोलादी तारांचा दोर केबलच्या मध्यभागी घालून, त्याच्या थरांची रचना अशी करावी की ताणाखाली एका थराचे आघूर्ण दुसऱ्याने खोडून निघावे. आघूर्णाच्या गुणाकारात त्रिज्या हा एक घटक आहे. बळ परिघावरून केंद्राकडे नेल्याने तो घटकही घटला. अशी हलकी केबल १९६१ मध्ये ब्रिटन व कॅनडा यांमधील कॅनटॅट मार्गावर वापरली गेली, आणि अमेरिकन पद्धतीची कवचरहित केबल १९६३ मध्ये टॅट-३ मध्ये आली. आता जहाज थांबविता येऊ लागले, कठीण पुनर्वर्धक खोल समुद्रात सोडता येऊ लागले, आणि एकाच केबलमधून दोन्ही दिशांचे संभाषण शक्य झाले. पीळ अडविणे, पीळ परत देणे, पीळ सोडून देणे या तीन जुन्या उपायांत ‘पीळ उत्पन्नच न होऊ देणे’ या चौथ्याची भर पडली.

६. प्रकाशतंतू आणि ओढकामाची भोवरकडी

१९६६ मध्ये चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी शुद्ध काचेचा तंतू संदेशवहनास योग्य ठरू शकेल असे प्रतिपादन केले. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीतील मॉरर, केक व शुल्ट्झ यांनी तसा तंतू प्रत्यक्षात आणला. १९७९ मध्ये भारतात स्थानिक दूरध्वनी केंद्रांना जोडणारी पहिली प्रकाशतंतू-यंत्रणा पुणे येथे सुरू झाली, आणि १९८८ मध्ये टॅट-८ ही अटलांटिकमधील पहिली प्रकाशतंतू-केबल कार्यान्वित झाली.

तांबे व काच यांच्या स्वभावातील भेदामुळे पिळाच्या जुन्या प्रश्नाला नवी धार आली. तांब्याची तार ताणली तर ती काहीशी लांबते व तशीच राहते. काचतंतूचा व्यास अवघा १२५ मायक्रोमीटर असतो. तो लांबून राहत नाही, तो एकतर टिकतो नाहीतर तुटतो. कारखान्यात प्रत्येक तंतूला सुमारे १ टक्का लांबीवाढीची कसोटी लावतात. परंतु काचेच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म भेगा ओलाव्यात व सततच्या ताणाखाली हळूहळू वाढत असल्याने, दीर्घकाळ सोसावयाची लांबीवाढ कसोटीच्या एक-पंचमांश ते एक-तृतीयांश एवढीच ठेवतात.

पिळाचा परिणाम अंकांनी पाहणे उद्‌बोधक ठरेल. केबलच्या अक्षापासून ३ मिलिमीटर अंतरावर, अक्षाला समांतर असा सरळ तंतू आहे असे समजू. केबलला दर मीटरला एक फेरा पीळ दिला, तर त्या तंतूची लांबी सुमारे ०.०१८ टक्के वाढते. ती उपेक्षणीय होय. पण तोच तंतू १०० मिलिमीटर अंतराच्या मळसूत्रात आधीच गुंडाळलेला असेल व नवा पीळ त्याच दिशेचा असेल, तर तंतू जागच्या जागी जखडलेला मानल्यास वाढ सुमारे ०.३५ टक्के होते. म्हणजे तोच फेरा वीसपट जड पडतो आणि सुरक्षित मर्यादा ओलांडतो. पीळ उलट दिशेचा असेल तर तंतू सैल पडतो. यास्तव केबल बांधणाऱ्यांनी तंतू मोकळ्या नळ्यांत किंचित जादा लांबीने ठेवण्याची, आणि त्या नळ्या एकाच दिशेने न गुंडाळता ठरावीक अंतराने दिशा पालटत गुंडाळण्याची रीत स्वीकारली. एका भागात पिळाने आवळलेली नळी पुढच्या भागात सैल होते. कारागिराने जमिनीवर मांडलेल्या आठाचेच हे तत्त्व केबलच्या अंतरंगात आलेले दिसते.

एवढे करूनही ओढकामातील दोराचा पीळ उरतोच. नळातून केबल ओढणारा दोर पीळदार असतो. ताण पडताच तो उलगडू लागतो आणि आपला फेरा केबलच्या माथी मारू पाहतो. म्हणून दोर व केबल यांच्यामध्ये भोवरकडी घालतात. केबल पकडण्यासाठी विणलेल्या तारेचा जाळीदार मोजा वापरतात. ओढ वाढेल तसतसा तो अधिक घट्ट आवळतो. अमेरिकेत अशा पकडीचा धंदा १९२७ मध्ये व्हिव्हियन केलेम्स यांनी आरंभिला, आणि त्यांचे नाव या पकडीस कायमचे चिकटले. प्रकाशतंतू-केबलमध्ये मात्र मोजा केवळ बाह्य वेष्टनावर न आवळता, ओढ आतील बळ देणाऱ्या घटकांवर पडेल अशी बांधणी करावी लागते. अन्यथा वेष्टन ताणले जाते आणि तंतू मागे राहतात.

येथे भोवरकडीच्या घडणीचा प्रश्न निर्णायक ठरतो. कडीवर ओढ असतानाच तिने फिरले पाहिजे, आणि ओढ जितकी अधिक तितके तिच्यातील घर्षणही अधिक. नळातील सामान्य प्रकाशतंतू-केबलसाठी २,७०० न्यूटन ही ओढीची प्रचलित मर्यादा आहे. साध्या कडीत लोखंडावर लोखंड घासते असे समजून घर्षणांक ०.१५ व घर्षणाची त्रिज्या ८ मिलिमीटर धरली, तर कडी फिरण्यापूर्वी सुमारे ३.२ न्यूटन-मीटर आघूर्ण केबलकडे जाते. त्याच जागी पोलादी गोळ्यांचे बेअरिंग बसवून घर्षणांक ०.००१५ वर आणला, तर तेच आघूर्ण ०.०३२ न्यूटन-मीटर, म्हणजे शंभरावा हिस्सा, राहते. न फिरणारी भोवरकडी ही भोवरकडी नसण्यापेक्षा अधिक धोक्याची असते; कारण ती बसविली आहे या विश्वासाने कारागीर पिळाकडे पाहावयाचे सोडून देतो. चिखल, गंज वा वाळलेले वंगण एवढ्यानेही हा धोका उद्भवतो.

१८६५ चा दुसरा धडाही या काळात उलटा करून वापरला गेला. त्या वेळी भोवरकडी तुटली ही आपत्ती होती. प्रकाशतंतूंच्या कामात काही भोवरकड्या मुद्दाम तुटण्यासाठीच घडवितात. त्यांच्यातील खीळ ठरलेल्या ओढीला तुटते, दोर मोकळा होतो, आणि केबल सुरक्षित राहते. दुबळी कडी कोठे असावी हे आधीच ठरवून ठेवणे, एवढाच या दोन घटनांतील फरक आहे.

७. फिरता सांधा : ओढ नव्हे, प्रकाश

आतापर्यंत विचारात घेतलेली भोवरकडी ओढ पुढे नेते व फेरा अडविते. काही प्रसंगी प्रकाशच फेऱ्यातून पलीकडे न्यावा लागतो. खोल समुद्रातील दूरनियंत्रित यान हे त्याचे उत्तम उदाहरण होय. वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेचे ‘जेसन’ हे यान १९८८ पासून या प्रकारे काम करू लागले. त्याच्या कामी रूढ झालेल्या जहाजावरील पोलादी कवचाच्या केबलचा व्यास सुमारे १७.३ मिलिमीटर असून तिच्यात तीन तांब्याच्या वाहिन्या व तीन प्रकाशतंतू आहेत. कवचाचे दोन थर परस्परविरुद्ध पिळाचे आहेत. १८५७ मध्ये जो विरुद्ध पीळ सांध्याच्या दोन बाजूंना असल्याने अनर्थकारक होता, तोच येथे एकाच केबलच्या दोन थरांत एकावर एक आल्याने तोलाचे साधन झाला आहे.

केबल ड्रमवर गुंडाळलेली असते आणि तिचे आतले टोक ड्रमबरोबर फिरते. चित्र पाहणारा निरीक्षक मात्र स्थिर असतो. विद्युत्‌प्रवाहासाठी अशा जागी कडे व त्यावर घासणारे ब्रश योजिण्याची रीत जुनी आहे. प्रकाशाला ब्रश उपयोगी नाही. एकल-प्रकार तंतूत प्रकाशाचा झोत अवघा ९ ते १० मायक्रोमीटर रुंद असतो, आणि फिरणारे व स्थिर टोक तेवढ्या सूक्ष्मतेने समोरासमोर ठेवणे कोणत्याही सामान्य बेअरिंगच्या आवाक्याबाहेरचे आहे. यावर उपाय म्हणून फिरत्या टोकाशी भिंगाने झोत रुंद व समांतर करतात, तो अंतर ओलांडून पलीकडे जातो, आणि स्थिर बाजूच्या भिंगाने पुन्हा तंतूत एकवटतो. रुंद झोताला बाजूस सरकण्याचे भय कमी असते. पण तिरकेपणाचे भय त्याच प्रमाणात वाढते. म्हणून या सांध्याचा सारा कस अक्षाच्या सरळपणात लागतो.

तंतू एकच असेल तर त्याला अक्षावर बसवून काम भागते. अनेक तंतू असतील तर अक्ष एकच आणि वाटा अनेक, अशी अडचण येते. येथे एकोणिसाव्या शतकातील जर्मन पदार्थवैज्ञानिक हाइन्‌रिख व्हिल्हेल्म डोव्ह यांच्या नावाचा लोलक उपयोगी पडला. तो जितक्या कोनातून फिरतो त्याच्या दुप्पट कोनातून त्यातून दिसणारी प्रतिमा फिरते. तेव्हा लोलकाला ड्रमच्या अर्ध्या वेगाने फिरविले, तर फिरत्या तंतूंची प्रतिमा स्थिर भासते आणि प्रत्येक तंतूचा प्रकाश नेमक्या आपल्याच जोडीदाराकडे जातो. दाव्यातील कडीपासून अर्ध्या वेगाने फिरणाऱ्या लोलकापर्यंतचे अंतर मोठे आहे. परंतु दोहोंनी सोडविलेला प्रश्न एकच आहे.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून पिळाच्या प्रश्नाला इतिहासात पाच प्रकारची उत्तरे मिळाल्याचे दिसते. १८५८ च्या लाकडी चौकटीने फेरा अडविला. जहाजाच्या टाकीने व जमिनीवरील आठाने तो साठवून परत दिला. भोवरकडीने तो एका बाजूला सोडून दिला. १९६१ च्या हलक्या केबलने तो उत्पन्न होण्याचे कारणच दूर केले. फिरत्या सांध्याने फेरा चालू ठेवून संदेश पलीकडे नेला. यांतील एकाही उत्तराने आधीच्या उत्तरास कालबाह्य ठरविले नाही. प्रकाशतंतू-केबलच्या एकाच कामात विरुद्ध पिळाचे थर, आठाची मांडणी, दोरापुढील भोवरकडी व ड्रमवरील फिरता सांधा एकत्र नांदू शकतात. तंत्राच्या इतिहासात नवे साधन जुन्यास हुसकावून लावते ही सर्वमान्य कल्पना या क्षेत्रापुरती तरी तपासून घेतली पाहिजे.

दुसरा निष्कर्ष अधिक व्यावहारिक आहे. भोवरकडी कोठे हवी हे कडीकडे पाहून ठरत नाही. तिच्या दोन्ही बाजूंस काय आहे यावरून ठरते. दोराचा पीळ केबलपासून तोडावयाचा असेल तेथे ती संरक्षक आहे; एकेरी कवचाच्या केबलच्या टोकाशी ती घातक आहे. १८५७ मध्ये दोन कारखान्यांनी आपापली अर्धी केबल निर्दोष बनविली होती. दोष दोहोंच्या जोडणीत होता, आणि जोडणीची जबाबदारी कोणाकडेच नव्हती. केबलच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने तांबे, गटापर्चा व काच यांच्याबरोबरच सांध्यांचाही माग काढला, तर अशा अनेक विस्मृत जबाबदाऱ्या उजेडात येण्याचा संभव आहे.